सूर्याच्या वाटेनं डावं पाऊल

ओसुओखाय या नाचाचा अर्थ काय, असं याकुत्स्कमध्ये कुणालाही विचारलं की तोंड उघडण्याआधी त्याचा हात वर जातो आणि हवेत एक गोल काढतो. टॅक्सीवाल्यानं स्टिअरिंगवरचा हात उचलून तो काढला. वस्तुसंग्रहालयात तिकिटं देणाऱ्या मुलीनं काढला. बाजारात मासे विकणाऱ्या बाईनंही काढला, हातातली सुरी बाजूला ठेवून. मग शब्द येतात. आम्ही सूर्यासारखे फिरतो. सूर्य जातो त्या वाटेनं जातो.

उत्तर खरं आहे. माणसं हातात हात गुंफून, आत तोंड करून गोलात उभी राहतात आणि डावीकडे सरकत जातात. सूर्य त्यांच्या आकाशात ज्या दिशेनं फिरतो तीच ही दिशा. आपण देवळात प्रदक्षिणा घालतो तीही हीच. पण एवढ्यावर समाधान मानलं तर नाच अर्धाच कळतो, असं मला तिथल्या गवतावर उभं राहिल्यावर वाटलं, आणि परतल्यावर जे वाचलं-ऐकलं त्यानं ते मत पक्कं होत गेलं. उरलेला अर्धा अर्थ गाण्यात आहे. आणि तो समजून घ्यायचा तर आधी तिथला हिवाळा समजून घ्यावा लागतो.

याकुत्स्क ही सायबेरियाच्या ईशान्येकडच्या साखा प्रजासत्ताकाची राजधानी. बाहेरचे लोक या प्रदेशाला याकुतिया म्हणतात आणि इथल्या माणसांना याकुत. ती स्वतःला साखा म्हणवतात. क्षेत्रफळ सुमारे ३१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशापेक्षा थोडंसंच कमी. लोकसंख्या मात्र सगळी मिळून दहा लाखांच्या आसपास, आणि त्यातलीही तिसरा हिस्सा माणसं या एका शहरात राहतात. मॉस्कोहून निघालेलं विमान सहा तासांहून जास्त वेळ पूर्वेकडे जात राहतं. मी गेले तेव्हा जून अर्धा उलटून गेला होता. खिडकीबाहेर पुरती रात्र अशी झालीच नाही. क्षितिजावरचा नारिंगी पट्टा विझता विझता पुन्हा पेटला. उतरण्याआधी बराच वेळ खाली लार्चचं जंगल दिसत होतं, दुसरं काहीच नाही. मग त्या गडद हिरव्यात पोपटी रंगाची गोल गोल कुरणं दिसायला लागली. बहुतेकांच्या मधोमध एक तळं.

ही कुरणं म्हणजे आलास. इथली जमीन शेकडो मीटर खोलपर्यंत गोठलेली आहे. हजारो वर्षांपूर्वी जिथं जिथं जमिनीतला बर्फ वितळला तिथं ती खचली, खळग्यात पाणी साचलं, पाणी हटत गेलं तसं काठानं गवत उगवलं. साखांचे तुर्किक भाषा बोलणारे पूर्वज दक्षिणेकडून, बैकाल सरोवराच्या बाजूनं, घोडे आणि गुरं घेऊन वर आले, तेव्हा त्यांना या जंगलात जगण्याजोगी जागा सापडली ती या गोल कुरणांत आणि लेना नदीच्या खोऱ्यात. एका आलासात एक कुटुंब, फार तर दोन-तीन. पुढचा आलास जंगलापलीकडे. मधली वाट अस्वलाची आणि एल्कची.

या मांडणीवर आता हिवाळा पसरून बघायचा. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ. याकुत्स्कचं जानेवारीचं सरासरी तापमान उणे ३७ अंशांच्या आसपास असतं आणि शहरात नोंदलं गेलेलं सगळ्यात कमी तापमान उणे ६४.४ आहे. जुन्या काळी साखा कुटुंब बालागानमध्ये हिवाळा काढायचं. बालागान म्हणजे तिरक्या भिंतींचं, शेणामातीनं लिंपलेलं लाकडी घर. भिंतीला लागूनच गोठा, कारण गुरांना ऊब लागते आणि गुरांची ऊब माणसांनाही लागते. खिडकीला काचेच्या जागी तळ्यातून कापून आणलेली बर्फाची लादी. डिसेंबरात दिवस जेमतेम पाच तासांचा. त्या सात महिन्यांत माणसाच्या कानावर जे आवाज पडायचे ते घरातल्यांचेच. वसंतात कुटुंब हिवाळ्याची जागा सोडून उन्हाळी कुरणावर जायचं, घोड्या व्यायच्या, घोडीचं दूध मिळायला लागायचं, त्याचा कुमीस आंबवला जायचा. आणि जूनमध्ये दिवस सगळ्यात मोठा झाला की आसपासच्या साऱ्या आलासांमधली माणसं एका मैदानावर जमायची. हा इस्याख, साखांचा वर्षारंभ. हिवाळ्यातून कोण आलं आणि कोण राहिलं, हे तिथं कळायचं. कुणाच्या घरी मूल झालं, कुणाचा मुलगा लग्नाचा झाला, कुणाची म्हातारी गेली.

ओसुओखाय हा त्या मैदानावरचा नाच आहे. वर्षातले कित्येक महिने ज्यांनी घराबाहेरचा हात हातात घेतला नाही, त्यांनी धरलेलं ते रिंगण होतं. साखा विद्वान या नाचात विश्वाची रचना वाचतात आणि ते पटण्यासारखंही आहे. तरी माझ्या मते पहिला अर्थ हा आहे, साधा आणि शरीराचा.

शहरात या जुन्या जगण्याच्या खुणा शोधाव्या लागत नाहीत. १६३२ साली कोसॅकांनी लेनाच्या काठी बांधलेल्या लाकडी गढीपासून हे शहर सुरू झालं आणि आजही ते गोठलेल्या जमिनीशी बोलणी करतच उभं आहे. इमारती खांबांवर आहेत, तळमजल्याखालून वारं जातं, कारण घराची ऊब जमिनीत उतरली तर जमीन विरघळेल आणि घर कलेल. पाण्याचे आणि वाफेचे नळ जमिनीवरून जातात, रस्ता आला की कमानीसारखे वर चढतात. एका जुन्या लाकडी खोपटात शेर्गिनची विहीर आहे. फ्योदोर शेर्गिन या व्यापारी कंपनीच्या अधिकाऱ्यानं १८२८ मध्ये पाण्यासाठी ती खणायला घेतली. नऊ वर्षं खणून ११६ मीटर खोल गेली, तरी गोठलेली माती संपली नाही. पाणी लागलं नाही, पण जमीन किती खोलवर कायमची गोठलेली असू शकते याचा जगाला पहिला अंदाज तिथं आला. हे मला नाचताना आठवत राहिलं. पायाखाली कोवळं गवत, फुलं, ऊन, आणि माणसाच्या उंचीएवढं खणलं की बर्फ.

मी ज्यांच्याकडे उतरले होते त्या बाई शाळेत गणित शिकवायच्या. साठीच्या आतबाहेर, बोलायला कमी, चहा ओतायला सढळ. इस्याखच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माझे कपडे पाहिले आणि सांगितलं, “काळं घालू नका. उजळ काहीतरी घाला. आणि डोक्याला रुमाल बांधा.” स्वतः त्यांनी आईचे चांदीचे दागिने बाहेर काढले. साखा बायकांचे दागिने अंगावर चिलखतासारखे बसतात: छातीवर एक, पाठीवर एक, साखळ्या आणि पट्ट्या कमरेपर्यंत लोंबणाऱ्या. ते अंगावर चढवून त्या चालू लागल्या की खोलीत बारीक किणकिण सुरू व्हायची. साखांच्या ओसुओखायला वाद्याची साथ नसते. ही किणकिण आणि गवतावर पडणारी पावलं, एवढीच.

उस खातीन हे तुयमादा खोऱ्यातलं मैदान शहरापासून गाडीनं फार लांब नाही. राजधानीचा इस्याख तिथं भरतो. लाखाच्या वर माणसं येतात. प्रत्येक उलूसचं, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या भागाचं, वेगळं अंगण मांडलेलं असतं: भूर्जाच्या सालीचा शंकूसारखा उंच तंबू, त्याला उरासा म्हणतात, घोडे बांधायचे कोरीव खांब, लाकडी बाकं, पातेल्यांतून उकळणारं घोड्याचं मांस. या खांबांना सेर्गे म्हणतात. सेर्गे रोवणं म्हणजे इथं कुणीतरी राहतं, पाहुण्यानं यावं, असं सांगणं. घर पडलं तरी सेर्गे काढत नाहीत. मैदानाच्या मध्यावर आल लूक मास, म्हणजे विश्ववृक्ष, उंच उभा केलेला आहे. साखांच्या कल्पनेत जग तीन मजली: वरती आय्यी देवतांचं जग, मधे माणसांचं, खाली अबासींचं, म्हणजे दुष्ट शक्तींचं. या झाडाची मुळं खालच्या जगात जातात, फांद्या वरच्या. आपण मधल्या जगाचे. साखांची ओलोंखो नावाची महाकाव्यं, ज्यांना २००५ मध्ये युनेस्कोनं मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून घोषित केलं, ती याच मधल्या जगाच्या रक्षणाची कथा सांगतात. वीर लढतो, जिंकतो, आणि शेवटी पुष्कळदा इस्याख भरतो.

सोहळ्याची सुरुवात आल्गीसनं होते. आल्गीस म्हणजे आशीर्वचन. पांढऱ्या वेशातला आल्गीसचीत पुढे, त्याच्यामागे नऊ तरुण आणि आठ तरुणी, सगळे पांढऱ्यात. आल्गीसचीतनं गुडघा टेकून अग्नी पेटवला, त्यात कुमीस, लोणी आणि घोड्याच्या आयाळीचे केस घातले. अग्नीच्या देवतेला आधी खाऊ घालायचं, कारण बाकीच्यांपर्यंत निरोप तीच नेते. मग घोड्याच्या केसांचा झुबका लावलेल्या लाकडी डावानं त्यानं कुमीस आकाशाकडे शिंपडला. पांढरे थेंब उन्हात वर गेले. पहिला मान ज्येष्ठ देव युऱ्युंग आय्यी तोयोनचा, मग घोडे देणाऱ्या द्योसोगोयचा, मग मुलं देणाऱ्या आय्यीसीतचा, मग झाडात राहणाऱ्या भूमातेचा. हे सगळं तो बोलत नव्हता, लांबवलेल्या सुरात गात होता, आणि त्या सुरात मधूनच गळ्यातून एक उंच, तुटक, घंटेसारखा आवाज निघत होता. त्या कंठकौशल्याला किलीसाख म्हणतात. भोवतीची माणसं ऐकत होती. प्रत्येक चरणानंतर थोडं थांबून हजारो गळ्यांतून होकार येत होता.

मी शेजारी उभ्या असलेल्या बाईंना विचारलं, “तो नेमकं काय मागतोय?”

“गवत,” त्या म्हणाल्या. “आणि पाऊस वेळेवर. आणि माणसं.”

साखा श्रद्धेप्रमाणे प्रत्येक गोष्टीत इच्ची असते, म्हणजे तिच्यात वसणारी, तिची मालकीण असलेली शक्ती. नदीला असते, चुलीला असते, चांगल्या सुरीला असते, रस्त्याच्या वळणावरच्या झाडाला असते. म्हणून लोक त्या झाडाला चिंध्या आणि घोड्याचे केस बांधून पुढं जातात. शब्दालाही इच्ची असते. एकदा उच्चारलेला शब्द निघून जातो आणि आपलं काम करतो. वाईट बोललेलं उलटून येतं, चांगलं बोललेलं पुढं जाऊन वाट मोकळी करतं. हे एकदा मनात धरलं की ओसुओखाय उलगडायला लागतो.

तो सुरू होताना कुणी घोषणा करत नाही. गवतावर एका मध्यमवयीन माणसानं गायला सुरुवात केली. दोघांनी येऊन त्याच्या दोन्ही बाजूंना हात गुंफले. मग चौघांनी. बघता बघता कड धरली गेली आणि आमच्या बाई मला ओढतच तिकडे घेऊन गेल्या. धरण्याची पद्धत अशी: बोटांत बोटं गुंफायची, कोपरं वाकवायची आणि शेजाऱ्याचा हात आपल्या हाताला कोपरापर्यंत चिकटून राहील असं जवळ उभं राहायचं. दोन माणसांत फट उरत नाही. तिथले डास प्रसिद्ध आहेत. त्यांना हाकलायला प्रत्येकाजवळ घोड्याच्या शेपटीची चवरी असते, तिला देइबीर म्हणतात. पण रिंगणात शिरलं की चवरीचा उपयोग नाही. हात आता आपले एकट्याचे राहिलेले नसतात.

डावं पाऊल आत आणि डावीकडे. उजवं त्याच्या मागोमाग. गुडघे हलके लवतात, खांदे पुढे जाऊन परत येतात. सगळ्यांचे एकदम. गाणारा एक ओळ म्हणतो, सात-आठ अक्षरांची; रिंगण ती ओळ त्याच चालीत परत म्हणतं. तो पुढची म्हणतो, रिंगण ती परत म्हणतं. साखा काव्यात ओळींच्या शेवटापेक्षा सुरुवातीला जास्त महत्त्व आहे. लागोपाठच्या ओळी एकाच ध्वनीनं उघडतात, त्यामुळे तोंडाला आधीच माहीत असतं की आता जीभ कुठं ठेवायची. मला भाषा येत नव्हती, तरी काही फेऱ्यांनंतर ओळीचा पहिला ध्वनी माझ्या ओठांवर येऊन थांबलेला असायचा.

गाणाऱ्याजवळ लिहिलेलं काही नसतं. गवताला नमस्कार, सूर्याला नमस्कार, कुमिसाच्या चोरोनला नमस्कार (चोरोन म्हणजे घोड्याच्या खुरांसारख्या तीन पायांचं लाकडी पात्र), या जागेचे पूर्वज, जमलेले लोक, असा क्रम ढोबळपणे ठरलेला असतो. शब्द तिथल्या तिथं जुळवायचे. आणि जुळवायला वेळ किती मिळतो? रिंगण त्याची आधीची ओळ म्हणत असतं तेवढाच. हे लक्षात आलं तेव्हा मला या नाचाची रचना विलक्षण सुंदर वाटली. लोक त्याची ओळ उचलून धरतात, तेवढ्यात तो पुढची घडवतो. तो थांबला तर रिंगण थांबेल आणि रिंगणानं ओळ उचलली नाही तर तो एकटा पडेल. मैदानावर एकाच वेळी अशी अनेक रिंगणं चालू होती, प्रत्येकाचा गाणारा वेगळा. माणसं एकातून सुटून दुसऱ्यात जात होती. ज्याची ओळ म्हणावीशी वाटते त्याचं रिंगण फुगत जातं आणि आत दुसरं, तिसरं कडं तयार होतं. ज्याची वाटत नाही त्याचं विरत जातं. कुणी नावं ठेवत नाही. लोक फक्त दुसरीकडे जाऊन हात गुंफतात.

आल्गीसमध्ये आशीर्वाद एक जण म्हणतो आणि बाकीचे तो घेतात. ओसुओखायमध्ये तेच गवत, तोच पाऊस, तीच माणसं प्रत्येकाच्या तोंडून मागितली जातात. शब्दाला इच्ची असेल तर तो हजार तोंडांतून गेल्यावर किती बळकट होत असेल! देणारे आणि घेणारे वेगळे उरत नाहीत. म्हणूनच बहुधा या नाचाला प्रेक्षक चालत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला दिसतात त्या पाठी. चेहरे सगळे आत, एकमेकांकडे. मी थोडा वेळ बाहेर उभं राहून फोटो काढले आणि घरी येऊन पाहिले तेव्हा त्यांत चांदीच्या साखळ्यांनी झाकलेल्या पाठींखेरीज काही नव्हतं. ते योग्यच होतं.

नाचाचे भाग तीन. पहिला चालण्याचा, संथ, दुसरा नाचण्याचा, लय वाढलेली, तिसरा उडण्याचा. साखा लोकनृत्यांची पद्धतशीर नोंद करणाऱ्यांत मारिया झोर्नीत्स्काया यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. याकुतियाच्या लोकनृत्यांवरचं त्यांचं पुस्तक १९६६ मध्ये निघालं. त्यांच्यानंतरच्या साखा अभ्यासकांनी या तीन भागांत मधल्या जगातून वरच्या जगाकडे जाण्याची वाट वाचली: आधी जमिनीवर चालायचं, मग सूर्याच्या घोड्याची लय पकडायची, मग जमीन सोडायची. तिसऱ्या भागात ओळी आखूड होतात, आवाज चढतो, माणसं दोन्ही पायांवर उसळायला लागतात आणि एकमेकांत अडकलेले हात सगळ्या कड्याला एकदम वर खेचतात. एकट्यानं एवढी उंच उडी मारता येत नाही. माझ्या उजव्या हाताला एक आजीबाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या. साखात आजीला एबे म्हणतात आणि मोठ्या नदीलाही आदरानं एबेच म्हणतात. त्या उसळत नव्हत्या. पण आम्ही उसळलो की त्यांच्या टाचा आपोआप गवतावरून उचलल्या जायच्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक मोठं हसू पसरायचं. तो वरच्या जगाकडे जाणारा प्रवास असेल तर त्यात कुणी मागं राहत नव्हतं. अभ्यासकांचा अर्थ मला त्या क्षणी पूर्ण पटला.

लोक अजून काही सांगतात. या रिंगणात नाचलेल्या माणसाला पुढचं वर्ष पुरेल इतकं बळ मिळतं. हात सोडून कडं तोडून जाऊ नये. जायचंच असेल तर शेजारच्या दोघांचे हात एकमेकांत देऊन मागं सरावं. आत जातानाही तसंच: दोघांच्या गुंफलेल्या हातांना हलकेच स्पर्श करायचा, ते आपल्याला वाट देतात. विलुय नदीच्या खोऱ्यातले लोक तीन-तीन दिवस न थांबता चाललेल्या ओसुओखायच्या गोष्टी सांगतात. गाणारे बदलत, नाचणारे बदलत, कडं तेच.

विलुयचं नाव निघालं की सेर्गेई झ्वेरेव यांचं निघतंच. किईल उओला या नावानं ते ओळखले जात. जन्म १९००, मृत्यू १९७३. विलुय खोऱ्यातल्या सुन्तार भागातले. ओलोंखो गाणारे, ओसुओखाय गाणारे, आणि विरत चाललेल्या जुन्या नाचांना रंगमंचावर नवा आकार देणारेही. याकुत्स्कचं राष्ट्रीय नृत्य नाट्यगृह त्यांच्या नावानं आहे. विलुयच्या ओसुओखायच्या चाली सगळ्यात संपन्न मानल्या जातात आणि आजही इस्याखच्या स्पर्धांत तिकडचा गाणारा उभा राहिला की लोक सरसावून येतात.

झ्वेरेव यांचं आयुष्य गेलं तो काळ सोपा नव्हता. १९३० च्या दशकात शामनांचे ढोल जप्त झाले, आय्यींची नावं घेणं बंद झालं. ओलोंखोला लिखित महाकाव्याचं रूप देणारे कवी प्लातोन ओयुन्स्की १९३८ मध्ये पकडले गेले आणि १९३९ मध्ये तुरुंगातच वारले. ओसुओखाय मात्र टिकला. तो सामूहिक होता, वाद्याविना होता, कामकऱ्यांचा नाच म्हणून खपत होता. गाणाऱ्यांच्या ओळींत आय्यींच्या जागी सामूहिक शेती आली, पक्ष आला, युद्धातला विजय आला. रिंगणानं त्याही ओळी परत म्हटल्या. याचा विचार मी पुष्कळ केला आहे. जे रूप एका माणसाचा शब्द हजारांच्या तोंडी देतं ते वरून आलेला शब्दही तितक्याच सहज देतं. रिंगण शब्दाची परीक्षा करत नाही. तरी मला त्या काळातल्या नाचणाऱ्यांविषयी ममताच वाटते. ओळ कुठलीही असो, पाय सूर्याच्या वाटेनं जात होते, हात कोपरापर्यंत गुंफलेले होते, आणि गाणाऱ्यानं गवताला केलेला नमस्कार कुणी खोडू शकत नव्हतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्याख पुन्हा राष्ट्रीय सण झाला तेव्हा आल्गीस नव्यानं शिकावा लागला, बऱ्याच गोष्टी पुस्तकांतून जुळवाव्या लागल्या. ओसुओखाय शिकवावा लागला नाही.

२०१२ च्या इस्याखला उस खातीनला १५ हजारांहून अधिक लोकांनी एकत्र ओसुओखाय केला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. शहरात त्याचा अभिमान सगळ्यांना आहे आणि तो असावाही. मला त्या विक्रमापेक्षा जास्त महत्त्वाची वाटली ती एक लहानशी गोष्ट. आमच्या रिंगणात शहरातली पंधरा-सोळा वर्षांची मुलं होती. आपापसांत ती रशियन बोलत होती. शहरात वाढलेल्या पुष्कळ मुलांची साखा अशीच अर्धवट आहे, असं बाईंनी नंतर खेदानं सांगितलं. पण रिंगणात ती मुलं ओळीमागून ओळ साखातच म्हणत होती, न अडखळता, कारण ओळ नुकतीच त्यांच्या कानात पडलेली असायची आणि दोन्ही बाजूंचे हात त्यांना लयीत धरून ठेवत होते. अर्थ कळायच्या आधी भाषा तोंडात बसत होती. शाळेच्या तासापेक्षा हा तास चांगला, असं एक गणिताची शिक्षिका म्हणाली याला मी वजन देते.

सूर्य साडेदहाच्या सुमाराला टेकला आणि अंधार न पडताच रात्र झाली. धुकं कुरणावर घोट्यापर्यंत आलं. कुणी घरी गेलं नाही. मी कुमीस प्यायले: आंबट, किंचित फसफसणारा, घोड्याच्या अंगाचा वास असलेला, आणि थकल्यावर फार चांगला लागणारा. ओसुओखाय चालूच होता. आता गाणारी एक बाई होती, बारीक पण न फाटणाऱ्या आवाजाची. अडीचच्या पुढं पूर्वेकडचं जंगल उजळायला लागलं तशी रिंगणं सुटली. सगळे पूर्वेकडे वळले आणि दोन्ही हात पुढं करून तळवे उघडे धरून उभे राहिले. पहिला किरण आला तो तळव्यांवर घ्यायचा असतो. बाईंनी तो घेतला, चेहऱ्याला लावला, आणि मग परत हात पुढं करून म्हणाल्या की हा मुलासाठी. तो उत्तरेकडच्या हिऱ्यांच्या खाणीत कामाला होता आणि त्याला रजा मिळाली नव्हती. सूर्य पूर्ण वर आल्यावर लोक पुन्हा एकमेकांत अडकले. दोनशे पावलांवर कुणीतरी नवी ओळ सुरू केली होती.

काही वर्षांनी, २५ सप्टेंबर २०२२ ला, मी घरी बसून याकुत्स्कच्या चित्रफिती पाहिल्या. युक्रेनमधल्या युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती जाहीर होऊन चार दिवस झाले होते. शहरातल्या चौकात बायका जमल्या होत्या. साध्या जाकिटांत, टोप्यांत. चांदी नव्हती, पांढरे वेश नव्हते. त्यांनी एकमेकींचे हात धरले आणि ओसुओखायचं रिंगण केलं. ओळींच्या जागी घोषणा होत्या: युद्ध नको, आमची मुलं जगू द्या, अशा अर्थाच्या. पाऊल डावीकडेच पडत होतं. पोलिसांनी त्यातल्या काहींना पकडून नेलं. मी पाहिलेल्या बातम्यांनी याला नाचून केलेलं आंदोलन म्हटलं, आणि जगभरच्या लोकांनी ते कौतुकानं एकमेकांना पाठवलं. मला त्यात उस खातीनचं मागणं ऐकू आलं, गवत आणि पाऊस वगळून उरलेलं तिसरं. हिवाळा तोंडावर होता, आणि त्या बायका आपली माणसं मागत होत्या.